मोजायचं राहून गेलेलं दुखणं

१९५७ साली डॉ. नोशीर वाडिया लंडनहून मुंबईला परतले आणि जे. जे. रुग्णालयात त्यांनी मज्जासंस्थेच्या आजारांचा विभाग उभा केला. लंडनमध्ये ते रसेल ब्रेन यांच्या हाताखाली शिकले होते. तिथल्या वॉर्डांत मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस, हा नेहमीचा आजार होता. भारतात मात्र तो विद्यार्थ्यांनी परीक्षेपुरता वाचायचा. आपल्याकडे तो होत नाही, झाला तरी अगदी क्वचित, ही समजूत डॉक्टरांमध्ये घट्ट होती.

विदर्भातल्या यवतमाळकडून मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जायचं तर तेव्हा आधी धामणगाव गाठावं लागे. मुंबई-हावडा मार्गावरचं जवळचं स्टेशन तेच. यवतमाळ गावातून निघणारी रेल्वे एकच होती, मूर्तिजापूरपर्यंत रमतगमत जाणारी अरुंद रुळांची शकुंतला. सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली निघालं, यवतमाळचं सरकारी महाविद्यालय थेट १९८९ साली. त्याआधीच्या काळात दारव्ह्याच्या किंवा पांढरकवड्याच्या एखाद्या पंचविशीतल्या बाईला पंधरा दिवस एका डोळ्याने दिसेनासं झालं आणि मग आपोआप दिसू लागलं, वर्षा-दोन वर्षांनी पाय लुळे पडले आणि तेही सुधारले, तर त्या आजाराचं नाव कागदावर चढायला वाटच नव्हती. डोळा बरा झाला की गोष्ट संपली. पाय सुधारले की कुणाचा तरी अंगारा लागू पडला. दोन घटना एकाच दुखण्याच्या आहेत हे कळायला दोन्ही वेळा पाहणारा एकच जाणता माणूस लागतो, आणि तसा माणूस जवळपास मिळणं कठीण होतं.

हे दुखणं असं. शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं वेष्टन कुरतडते. शेतातल्या मोटारपंपाच्या वायरीवरचं रबर सोललं गेलं की मोटार कधी चालते, कधी गुरगुरते, कधी बंद पडते, तसं काहीसं होतं. संदेश जातो, पण रेंगाळत, मधेच गळत. वेष्टन कुठे सोललं यावर लक्षणं ठरतात: डोळ्याच्या नसेवर सोललं तर नजर, मज्जारज्जूवर सोललं तर पाय आणि लघवीवरचा ताबा, लहान मेंदूशी सोललं तर तोल. आणि मेंदूचे निरनिराळे भाग जोडणाऱ्या लांब तंतूंवर जागोजागी सोललं तर विचाराचा वेग. हा आजार बहुतेकदा विशी ते चाळिशीच्या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीहून अधिक होतो.

विचाराचा वेग मंदावण्याची ही बाब अलीकडे कळलेली नाही. ती पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. म्हणूनच तिचा इतिहास मला अस्वस्थ करतो.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली या आजारावर व्याख्यानं दिली आणि त्याला वेगळं नाव दिलं. त्यांच्या घरी कामाला असलेल्या बाईचा किस्सा वैद्यकाच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. तिचे हात थरथरत, कपबशा फुटत, घरच्यांचा जीव मेटाकुटीला येई. पण शार्कोंनी तिला काढलं नाही. हा कंप साधा नाही असं त्यांना वाटत होतं. वर्षानुवर्षं त्यांनी तिच्यावर लक्ष ठेवलं, दुखणं वाढल्यावर तिला रुग्णालयात घेतलं आणि ती गेल्यावर शवविच्छेदनात तिच्या मेंदूतले आणि मज्जारज्जूतले कठीण झालेले चट्टे पाहिले. इतक्या जवळून आणि इतका काळ पाहणाऱ्या माणसाच्या नजरेतून मन सुटलं नव्हतं. डोळ्यांची थरथर, हातांचा कंप आणि तुटक बोलणं ही त्यांची तीन लक्षणं पुढे प्रत्येक पाठ्यपुस्तकात गेली. त्याच व्याख्यानांत त्यांनी असंही नोंदवलं होतं की या रुग्णांची स्मरणशक्ती ठळकपणे कमी होते, कल्पना मनात हळू तयार होतात, बुद्धी आणि भावना दोन्ही बोथट होतात. तीन लक्षणं राहिली; ही चौथी नोंद मागे पडली.

ती मागे का पडली, याचं एक उत्तर १९२६ सालच्या लंडनमध्ये सापडतं. कॉट्रेल आणि किनियर विल्सन या दोघांनी एमएसच्या १०० रुग्णांची मनःस्थिती तपासली. इतकं अपंगत्व असूनही निम्म्याहून अधिक रुग्ण खुशीत दिसतात, या गोष्टीने ते चकित झाले. बुद्धीवर परिणाम झालेले रुग्ण त्यांना १०० मध्ये जेमतेम दोन आढळले. ही तपासणी मुख्यतः बोलण्यावर, प्रश्नोत्तरांवर बेतलेली होती, आणि खोच नेमकी तिथेच आहे. एमएसमध्ये भाषा सहसा शाबूत राहते. रुग्ण नीट बोलतो, शब्द चुकत नाहीत, नाव-गाव-तारीख बरोबर सांगतो, थट्टाही करतो. डॉक्टरांच्या खोलीतल्या दहा मिनिटांत त्याच्या बुद्धीत काही कमी आहे असं कुणालाही वाटणार नाही. घरी मात्र त्याच माणसाला एका वेळी दोघं बोलू लागले की काही उमगत नाही. आधण ठेवून तो दुसऱ्या कामाला लागला की आधण आटून जातं. वाचलेलं पान संपेपर्यंत पानाची सुरुवात निसटते. लंडनच्या त्या दोन डॉक्टरांना हे घर दिसलं नाही. त्यांचा आकडा मात्र पाच-सहा दशकं टिकला. १९७० च्या आसपासही अनेक जाणकार बुद्धीच्या ऱ्हासाचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आतच सांगत होते.

दुसरं उत्तर जॉन कुर्ट्झकी या अमेरिकन डॉक्टरांच्या कामात आहे, आणि ते आपल्याशी दुहेरी जोडलेलं आहे. कुर्ट्झकींनी या आजाराला दोन मापं दिली. पहिलं माप जगाच्या नकाशाचं. उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिका जास्त प्रमाणाच्या पट्ट्यात, दक्षिण युरोप मधल्या, आशिया आणि आफ्रिका कमी प्रमाणाच्या, म्हणजे लाखात पाचांहून कमी रुग्णांच्या पट्ट्यात. दुसरं माप अपंगत्वाचं. १९५५ साली त्यांनी ० ते १० अशी एक श्रेणी तयार केली आणि १९८३ साली तिच्या पायऱ्या अर्ध्या-अर्ध्या करून ती वाढवली. आज जगभर या आजाराच्या जवळजवळ प्रत्येक औषधाची परीक्षा तिच्यावर होते. या श्रेणीत मेंदूच्या बौद्धिक कामाला जागा आहे, नाही असं नाही. पण ४ च्या पुढे सगळं चालण्यावर येतं: न थांबता ५०० मीटर चालता येणं, काठीच्या आधाराने १०० मीटर, मग चाकाची खुर्ची, मग अंथरूण. ज्याचे पाय बरे आहेत पण ज्याला दुकानाचा हिशेब लागत नाही, तो माणूस या श्रेणीवर २ किंवा ३ वर बसतो, म्हणजे जवळजवळ निरोगी ठरतो.

कुर्ट्झकींना दोष द्यायचा नाही. त्यांच्या मापांशिवाय या आजाराचा अभ्यास उभाच राहिला नसता. पण एका नकाशाने आपला प्रदेश वगळला आणि एका श्रेणीने विचारशक्ती, हे खरं आहे. विदर्भातल्या रुग्णावर ही दोन्ही वगळणं एकदम येऊन पडली.

मुंबईत पहिलं वगळणं खोडून काढायला सुरुवात झाली. डॉ. भीम सिंघल आणि डॉ. वाडिया यांनी मुंबई परिसरातल्या रुग्णांचं चित्र १९७५ साली प्रसिद्ध केलं. एमआरआय यायचा होता. हातात होता तो हातोडा, टाचणी, डोळ्यांत पाहायचं यंत्र आणि पाठीतून काढलेलं पाणी. अशा अवस्थेत भारतात हा आजार आहे असं म्हणायचं तर प्रत्येक रुग्णाबाबत क्षय, उपदंश, जीवनसत्त्वांची कमतरता, मणक्यातली गाठ, यांतलं काही नाही ना हे आधी फेटाळावं लागे. म्हणून त्यांनी लेखाच्या शीर्षकातच चिकित्सक तपासणीचा उल्लेख केला. शंका कुठून येणार हे त्यांना माहीत होतं. त्यांना दिसलेल्या रुग्णांत डोळ्याची नस आणि मज्जारज्जू यांच्यावर भार जास्त होता, जपानमधल्या रुग्णांसारखा. त्या काळच्या अशा काही रुग्णांचा आजार खरं तर एमएसचा भाऊबंद, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, असावा असं आज आपण म्हणू शकतो. त्याची खूण पटवणारी रक्तातली प्रतिद्रव्यं २००४ साली सापडली. १९८५ साली डॉ. सिंघल यांनी मुंबईतलं प्रमाण लाखाला १.३३ असं मांडलं.

त्याच दशकात मुंबईच्या पारशी वसाहतींत एक विलक्षण काम झालं. डॉ. नादिर भरुचा आणि त्यांचे वडील डॉ. एडी भरुचा यांच्या गटाने घरोघर जाऊन १४,०१० पारशी माणसांची मज्जाविकारांसाठी पाहणी केली. दवाखान्यात कोण येतं हे न मोजता दाराशी जाऊन मोजायचं, ही पद्धत आपल्याकडे तेव्हा नवी होती. १९८८ साली त्यांनी पारशांमधलं एमएसचं प्रमाण लाखाला २१ असल्याचं प्रसिद्ध केलं. दोनच वर्षांनी डॉ. वाडिया आणि भाटिया यांचे आकडे आले: मुंबईच्या पारशांत लाखाला २६, पुण्याच्या पारशांत ५८. हवा तीच, पाणी तेच, गाव तेच आणि प्रमाण दहा-वीसपट. याचा एक अर्थ वंशाकडे, जनुकांकडे जातो, आणि तो बरोबर आहे. दुसरा अर्थ मला तितकाच महत्त्वाचा वाटतो: पारशी समाज शिकलेला, शहरात, एकमेकांच्या ओळखीतला, स्वतःचे दवाखाने असलेला. तिथे रुग्ण शोधला की सापडतो. १.३३ आणि २१ यांच्यातलं सगळं अंतर रक्तातलं नाही. त्यातलं काही दारापर्यंत कोण पोहोचलं याचंही आहे.

पुढच्या काळाने ही शंका खरी ठरवली. एमआरआय यंत्रं शहरोशहरी आली तसे रुग्ण वाढले. मंगळूर शहरात डॉ. लेखा पंडित यांच्या गटाने केलेल्या मोजणीत हे प्रमाण लाखाला आठांच्या पुढे निघालं. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णांची संस्था १९८५ सालीच मुंबईत सुरू झाली होती, पुण्यासह इतर शहरांत तिच्या शाखा निघाल्या. आजार भारताच्या नकाशावर आला. डोक्यातल्या मंदपणाची दखल मात्र अजून बाकी होती.

ती घेतली अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या स्टीफन राव यांनी. त्यांनी आधीच्यांची चूक ओळखली: आपण रुग्णालयात आलेल्यांना तपासतो आणि गप्पा मारून बुद्धी जोखतो. म्हणून त्यांनी गावात, घरी राहणारे १०० रुग्ण निवडले, त्यांच्याच वयाची आणि शिक्षणाची १०० निरोगी माणसं निवडली आणि दोघांनाही चाचण्यांची तीच लांबलचक मालिका दिली. १९९१ साली निकाल आला. निरोगी माणसांत पाच जण कमी पडले, रुग्णांत ४८. फरक ४३ टक्क्यांचा. त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या लेखात आणखी बोचणारी गोष्ट होती. पायांचं अपंगत्व सारखंच असलेल्या रुग्णांत ज्यांची विचारशक्ती घटली होती, त्यांच्यापैकी कमी लोक नोकरीत टिकले होते. त्यांचं लोकांत मिसळणं कमी झालं होतं आणि घरकामात त्यांना इतरांच्या मदतीची गरज जास्त पडत होती. शार्कोंच्या त्या चौथ्या नोंदीला आकडा मिळायला १२३ वर्षं लागली.

या चाचण्यांतली एक नीट पाहण्याजोगी आहे, कारण सगळं दुखणं तिच्यात दिसतं. एक कागद. वरच्या ओळीत नऊ खुणा, प्रत्येक खुणेखाली १ ते ९ मधला एक अंक. त्याखाली ओळीच्या ओळी नुसत्या खुणांच्या, अंकांच्या जागा रिकाम्या. खूण पाहायची, वर कोणता अंक आहे ते पाहायचं, सांगायचा, पुढच्या खुणेकडे जायचं. वेळ ९० सेकंद. शिकलेला तरुण माणूस पन्नासच्या पुढे सहज जातो. एमएसच्या रुग्णाच्या चुका बहुधा होत नाहीत, हे लक्षात घ्या. तो बरोबरच सांगतो. पण प्रत्येक खुणेवर क्षणभर जास्त थांबतो, आधीच्या खुणांचे अंक लक्षात राहत नाहीत म्हणून दर वेळी वर पाहतो, आणि ९० सेकंद संपतात तेव्हा तिशीतच असतो. हात थरथरत असेल तर अंक तोंडी सांगायची मुभा आहे. याच चाचणीत पूर्वीपेक्षा चार गुण कमी झाले तर तज्ज्ञ ती घट खरी मानतात, आणि कधी कधी पायांत काहीही नवं नसताना मेंदूत नवा झटका येऊन गेल्याची ती एकमेव खूण असते.

दुसरी एक चाचणी आहे ती रुग्णांना नकोशी वाटते. ध्वनिफितीवर दर तीन सेकंदांनी एक अंक येतो आणि तो आधीच्या अंकात मिळवून बेरीज सांगायची. आधीच्या बेरजेत नाही, आधीच्या अंकात. एसटीच्या वाहकाला भरल्या गाडीत तिकीट, सुटे पैसे आणि पुढचा थांबा एकाच वेळी सांभाळायचे असतात. तेच काम इथे कोरड्या अंकांत केलं जातं. यवतमाळ आगाराचा एखादा वाहक या आजारात सापडला तर त्याची अडचण पायऱ्या चढण्याआधी सुट्या पैशांत दिसेल, आणि वरिष्ठांना ती अफरातफर वाटेल.

विदर्भासाठी या इतिहासातलं एक वेगळं पान आहे, उन्हाचं. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० साली नोंदवलं की श्रम झाल्यावर या रुग्णांची नजर तात्पुरती अंधुक होते. पुढे कळलं की मुद्दा श्रमाचा नसून शरीराच्या तापमानाचा आहे. वेष्टन सोललेला तंतू अर्ध्या अंशाच्या वाढीनेही संदेश अडवू लागतो. एमआरआयच्या आधी डॉक्टर रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवत आणि लक्षणं वाढली तर निदान पक्कं धरत. २०१२ साली न्यू जर्सीत व्हिक्टोरिया लीव्हिट, जेम्स सुमोव्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बाहेर ऊन जास्त असलेल्या दिवशी एमएसचे रुग्ण विचाराच्या चाचण्यांत कमी गुण मिळवतात. निरोगी माणसांवर त्या उन्हाचा असा परिणाम नाही. न्यू जर्सीचं ऊन ते. यवतमाळ, वणी, राळेगावला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात, वीज जाते. इथल्या रुग्णाला मेमध्ये शब्द सुचेनासे झाले, काल काय ठरलं ते आठवेना, आणि मृगाचा पाऊस पडल्यावर डोकं पुन्हा चालू लागलं, तर त्यात आश्चर्य काही नाही. पण हे त्याला कुणी सांगितलेलं नसेल तर उन्हाळाभर तो स्वतःला वेडा समजत राहील. ओला टॉवेल, कूलर, दुपारची कामं सकाळी उरकणं, महत्त्वाचे कागद आणि व्यवहार थंड वेळेत ठेवणं, या साध्या गोष्टी इथे औषधाइतक्या मोलाच्या आहेत.

औषधांचंही थोडक्यात. १९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉनला मान्यता मिळाली आणि झटके कमी करणारी औषधं एकामागून एक आली. भारतात किमतीमुळे रिटुक्सिमॅबचा वापर बराच होतो. स्मृतीसाठी स्मृतिभ्रंशावरचं डोनेपेझिल वापरून पाहिलं. २००४ च्या लहान अभ्यासात ते उपयोगी वाटलं, २०११ च्या मोठ्या अभ्यासात त्याने काही केलं नाही. उलट शब्दांची गोष्ट गुंफून आणि मनात चित्र उभं करून लक्षात ठेवण्याचं दहा बैठकांचं प्रशिक्षण उपयोगी पडतं हे २०१३ साली नँसी चियाराव्हालोटी यांनी नीट प्रयोग करून दाखवलं. आपल्या पाठांतराच्या परंपरेला यात अवघड असं काही नाही.

आता कायद्याकडे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते: अंधत्व, क्षीण दृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, कर्णबधिरत्व, हालचालींचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. एमएसच्या रुग्णाला यांपैकी कशात तरी स्वतःला कोंबावं लागे, आणि ते सहसा हालचालींत. झटका ओसरल्यावर तपासणी झाली तर तेही हातचं जाई. रुग्णसंस्था वर्षानुवर्षं मागणी करत राहिल्या. डिसेंबर २०१६ मध्ये संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा मंजूर केला, १९ एप्रिल २०१७ रोजी तो लागू झाला, आणि २१ प्रकारांच्या यादीत दीर्घकालीन मज्जाविकारांखाली मल्टिपल स्क्लेरॉसिस हे नाव आलं. हा मोठा विजय होता आणि तो कुणी कमी लेखू नये. पण कायद्यातली व्याख्या मायलिन आणि मेंदू-मज्जारज्जूतल्या पेशींचं आपसातलं बोलणं, एवढ्यावर थांबते. स्मरण, लक्ष, विचाराचा वेग हे शब्द तिच्यात नाहीत. सवलतींसाठी लागणारी ४० टक्के अपंगत्वाची रेषा ओलांडायला काय मोजायचं हे ज्या वैद्यकीय मंडळासमोर ठरतं, तिथे चालत आलेल्या आणि नीट उत्तरं देणाऱ्या माणसाचा मंदपणा पुढे आणायला त्या ९० सेकंदांच्या कागदासारखं काहीतरी हातात लागतं.

त्याच २०१७ सालचा पावसाळा यवतमाळ विसरलेलं नाही. कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरले, जिल्ह्यात २० हून अधिक माणसं दगावली, शेकडोंवर उपचार झाले. मोनोक्रोटोफॉससारखी कीटकनाशकं नसांमधल्या संदेशाची साखळीच बिघडवतात. अंधुक नजर, स्नायूंची फडफड, भ्रम, हे सगळं डॉक्टरांनी तिथे रोज पाहिलं. विशेष तपास पथक नेमलं गेलं, अहवाल झाले. ते व्हायलाच हवं होतं. मात्र त्यातून एक गोष्ट दिसते. मज्जासंस्थेचं दुखणं एका महिन्यात शेकड्याने दारात आलं की सरकार मोजायला बसतं. एमएस असा येत नाही. तो एका तालुक्यात एक, दुसऱ्यात दोन, असा वर्षानुवर्षं विखरून येतो. शिवाय या जिल्ह्यात कपाशीच्या हंगामात कुणी अंधुक दिसतं, मुंग्या येतात म्हणत आलं की पहिला प्रश्न फवारणीचा असणार, आणि तो रास्त आहे. दुसरा प्रश्न, असं आधी कधी झालं होतं का, हा राहून जाऊ नये इतकंच.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती. मुंबईचा १९८५ चा दर लावला तर इथे ३७ रुग्ण निघतात, मंगळूरचा लावला तर २३० च्या आसपास. खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असावा असं धरलं आणि राव यांचं प्रमाण त्याला लावलं, तर ढोबळ हिशेब असा निघतो: पंधरा ते शंभर माणसं या जिल्ह्यात आज अशी असू शकतात ज्यांची बुद्धी मंदावली आहे आणि जी आळशी, विसरभोळी, कामचुकार म्हणून बोलणी खात आहेत. त्यात निम्म्याहून अधिक बाया असतील, बहुतेक सासरी. मोठ्या पातेल्यात काय घातलं आणि काय राहिलं हे जिला आठवत नाही अशा सुनेला घरात कोणतं नाव पडतं ते सांगायला नको.

त्यांना मोजायचं तर कशाने? २०१२ साली एक लहान संच ठरवला गेला: खुणा-अंकांची चाचणी, शब्दांची यादी आणि आकृत्यांचं स्मरण, सगळं मिळून १५ मिनिटं. मानसशास्त्रज्ञ नसला तरी प्रशिक्षित परिचारिका तो घेऊ शकते. पण तो उचलून यवतमाळला आणता येत नाही. अमेरिकन शब्दयादीत भुयारी रेल्वे आहे, सेलरी नावाची भाजी आहे. झरी-जामणीच्या माणसाला हे शब्द आठवले नाहीत तर दोष त्याच्या मेंदूचा नाही. इथे घरात मराठी बोलली जाते, पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर गोरमाटी, कोलामांच्या पोडावर कोलामी, पलीकडे गोंडी. चौथीपर्यंत शिकलेल्याला अंक येतात पण त्यांची सवय नसते. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये नव्वदच्या दशकात निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बेतावी लागली ती याच कारणाने. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने विचारशक्तीच्या तपासणीचा आपला संच मुख्यतः स्मृतिभ्रंशासाठी तयार केला, तेव्हा पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषा घेतल्या. मराठी त्यांत नव्हती.

तो १५ मिनिटांचा संच नव्या भाषेत आणायची रीत त्याच्या कर्त्यांनी घालून दिली आहे. शब्दयादी त्या भाषेतल्या रोजच्या शब्दांची करायची. किमान ६५ निरोगी माणसांवर ती वापरायची, वय आणि शिक्षण रुग्णांशी जुळतं ठेवून. एक ते तीन आठवड्यांनी त्यातल्या काहींना पुन्हा बोलवायचं. ६५ माणसं, म्हणजे घाटंजीच्या एका आठवडी बाजाराला येणाऱ्यांचा छोटासा भाग. यादीत वांगी, भेंडी, बैलगाडी, एसटी, तिफण आणि म्हैस चालतील.